नवसाचे केस

१४ जुलै, रविवार

ही वही तेओफिलामावशींनी दिली. मी त्यांच्या घरी वरची खोली घेऊन राहतो. हार्डवेअरच्या दुकानाने नव्या वर्षाला फुकट वाटलेली वही, सहा महिने कोरीच पडून होती, आणि प्रत्येक पानाच्या तळाला एकेका स्क्रूची जाहिरात आहे. असू दे. माझ्यासारख्याने लिहायलाच हवं. उद्या मोठा झालो की पत्रकार विचारतील, "नेरेओ कोबियान, सुरुवातीच्या दिवसांत काय वाटायचं हो?" तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

तर सुरुवातीला भूक लागलेली आहे. मावशी खाली मक्याच्या जाड गोर्दिता भाजतायत आणि वास थेट वर येतोय.

बातमी ही की उद्यापासून मी कांतेरोस फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघात. पाच वर्षं याच क्लबच्या पोरांच्या संघात मधल्या फळीत खेळलो. मी मुळात कुयुत्लानच्या मिठागरातला, समुद्रकाठचा. इथे उंच डोंगरावरच्या झाकातेकासला आलो तेव्हा वर्षभर नुसता जिना चढलो तरी धाप लागायची. आता नव्वद मिनिटं पळतो आणि वर शिट्टीही वाजवतो.

पहिल्या संघाचे बाल्तिएर्रा मास्तर म्हणाले, "शनिवारी तू सुरुवातीपासून." एवढंच बोलले. माणूस मितभाषी आहे, पण नजरेत विश्वास होता.

पोरांच्या संघातले म्हणतात, नियमामुळे घेतलं. नियम असा की प्रत्येक क्लबाने तेविशीच्या आतल्या पोरांना हंगामात मिळून ठरलेली मिनिटं खेळवायचीच, नाहीतर गुण कापतात. आमच्याकडे असा आणखी एक होता, त्याचा घोटा मागच्या आठवड्यात मोडला. उरलो मी. पण मी म्हणतो, नियम तर सगळ्यांनाच आहे, निवडलं मलाच ना? जळणाऱ्यांनी जळावं.

१५ जुलै, सोमवार

पहिल्या संघाच्या खोलीत प्रत्येकाला स्वतःचं कपाट आहे. माझ्या कपाटाचं दार लागत नाही, पण कपाट आहे.

एलिगिओकाका इथले सामानवाले. बूट, मोजे, चेंडू, सगळं त्यांच्या हाती. त्यांच्या खोलीच्या दाराशी एक काळी पाटी टांगलीय आणि तिच्यावर खडूने ७०० लिहिलंय. "हे काय काका?" म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "पेन्शनला राहिलेले दिवस."

त्यांच्याच फळीवर ती सुप्रसिद्ध लाकडी पेटी आहे. आत केस कापायचं मशीन. पहिल्या संघातून पहिला सामना खेळलेल्याची सगळे मिळून हजामत करतात, मग काका पेटीच्या झाकणावर खिळ्याने त्याचं नाव कोरतात. चाळीस वर्षांची नावं आहेत. मी हळूच माझ्यासाठी जागा हेरून ठेवली, उजव्या कोपऱ्यात.

मला केस जाण्याचं दुःख आहेच. खांद्यापर्यंतचे कुरळे, मुली वळून बघतात. पण ते माझे नाहीतच. चौदाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा आईने प्लातेरोसच्या बाळदेवाला नवस बोलला, की पोरगा ज्या दिवशी खरा खेळाडू होईल त्या दिवसाचे त्याचे केस तुझ्या भिंतीवर. तेव्हापासून नुसती टोकं कापतो. प्लातेरोस इथून बसने तासाभरावर, म्हणजे देव सोयीचा आहे.

एकच माणूस खटकला. कॅप्टन माकारियो रेन्तेरिया. पस्तीस वर्षांचे, माझ्याच जागेवर खेळतात, म्हणजे शनिवारी माझ्यामुळे ते बाकावर बसणार. मी अदबीने हात पुढे केला, तर केसांकडे बघून म्हणाले, "या झुडपातून चेंडू दिसतो का रे कुरळ्या?" आणि सरावात दोन तास एकच ओरडत होते, "मान! मान फिरव!" चेंडू येण्याआधी मागे बघायचं म्हणे. अहो, चेंडू पुढून येतोय, मागे काय बघू? म्हातारपणी जागा गेली की माणूस चिडका होतो. मी समजून घेतलं.

२० जुलै, शनिवार

खेळलो!

पहिली दहा मिनिटं पाय माझे नव्हतेच. मग आले. पन्नासेक पास दिले, त्यातले आपल्या माणसांना चाळीस तरी गेले असतील. एकसष्टाव्या मिनिटाला मास्तरांनी मला बोलावून रेन्तेरियांना पाठवलं. डावपेच असणार. ताजे पाय राखून ठेवतात. सामना १-१.

नंतर मी गळ्याभोवती टॉवेल घेऊन खोलीच्या मधोमध स्टुलावर बसलो. शांतपणे, तयारीने. केस ठेवायला मावशींची स्वच्छ पिशवीही खिशात होती.

कोणी आलंच नाही. काका मोज्यांच्या जोड्या लावत होते. गोलकीपर माझ्या डोक्याकडे बघून उठायला लागला, तर रेन्तेरियांनी नुसती मान हलवली आणि तो परत बसला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "टॉवेल काढ आणि आंघोळ कर. थंडी बाधेल."

म्हणजे सूड. जागा गेली म्हणून.

आईचा फोन आला. गावच्या उपाहारगृहातल्या टीव्हीवर सामना बघितला म्हणे, सगळं मिठागर जमलं होतं.

"छान खेळलास रे. मैदानातून उठवलं कधी?"

"एकसष्टाव्याला. मास्तरांची चाल आहे ती."

"हं," आई म्हणाली. "आणि केस?"

"मशीन बिघडलंय, आई. दुरुस्तीला दिलंय."

"हं."

आईचा 'हं' मला कधी आवडलेला नाही.

२२ जुलै, सोमवार

पाटीवर आज ६३९. शुक्रवारी ७०० होते. तीन रात्रींत एकसष्ट दिवस गेले. काकांचं गणित माझ्यापेक्षाही कच्चं आहे हे बघून बरं वाटलं. त्यांना सांगितलं नाही, वयस्कर माणूस, लाजतील.

३ ऑगस्ट, शनिवार

सलग तिसरा सामना. पंचावन्न मिनिटं. बाजारातल्या गोर्दितावालीने पैसे घेतले नाहीत. फोटो मागितला, तोही माझा नाही, माझा तिच्या मुलीबरोबरचा. मुलगी नऊ वर्षांची निघाली. तरी पण.

२४ ऑगस्ट, शनिवार

सहावा सामना, जिंकलो, २-०. मला सत्तावन्नाव्याला उठवलं. पाटीवर आता ३५१ असेल असं मी मनात म्हटलं आणि काकांच्या खोलीत डोकावलो तर खरंच ३५१! कसं ओळखलं कोण जाणे. आकड्यांचा अंदाज मला पहिल्यापासून चांगला.

आईचा फोन. "उठवलं कधी?" दर वेळी पहिला प्रश्न तोच. पास किती दिले, गर्दी किती होती, काही नाही. आणि दुसरा प्रश्न केसांचा. शेजारची रेमेदिओस तिला टोचते, "तुझ्या पोराची हजामत अजून झाली नाही म्हणजे संघाने त्याला घेतलंय की नुसतं ठेवलंय?"

मी म्हटलं, "होईल ग."

"घाई नाही," आई म्हणाली. "देव कुठे जात नाही."

पण आवाजावरून मला कळलं, की तिला फार घाई आहे. माझ्यामुळे तिला गावात मान खाली घालावी लागते, हे मला सहन होत नाही. रेन्तेरियांचा रुसवा कधी संपणार, त्याची वाट माझ्या आईने का बघावी?

२६ ऑगस्ट, सोमवार

झालं.

बाजारामागच्या न्हाव्याकडे गेलो. त्याने ओळखलं. "कांतेरोसचा कुरळा ना? मग इथे कशाला? हे काम तर तुमची माणसं करतात."

"त्यांचं मशीन बिघडलंय."

"चार महिन्यांपूर्वी मीच धार लावून दिलंय," तो म्हणाला आणि कात्री उचलली. खाली माझे पाच वर्षांचे केस पडले. त्याने ते गोळा करून रिबिनीने बांधून दिले. आरशात पाहिलं. कान एवढे मोठे आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो. पत्रकारांना नाही सांगणार.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सुटीचा दिवस, म्हणून सकाळच्या बसने प्लातेरोस. देवळाच्या बाजूच्या खोलीत भिंती नवसांनी भरून गेल्यात. वेण्या, कुबड्या, लग्नाचे फोटो, पत्र्यावर रंगवलेली आभाराची चित्रं. बाळदेव रोज रात्री फिरायला जातो आणि बूट झिजवतो म्हणून लोक त्याला चिमुकले बूट आणून देतात. बूट झिजवणारा देव, म्हणजे आमच्याच धंद्यातला. आमचं जमायला हरकत नाही.

केस खिळ्याला अडकवले. "संघाने कापले" असं मनातल्या मनात म्हटलं. देवाला खोटं सांगितलं म्हणायचं का? केस तर खरे आहेत. सामने सहा खेळलो, तेही खरे. मधला न्हावी तेवढा सोडून द्यायचा.

आईला फोन केला. "केला नवस पुरा. पोरांनी काल पकडून कापले, काय दंगा झाला सांगू!"

तिने बोटांवर वार मोजले असावेत. मग म्हणाली, "काल सोमवार. सामना नव्हता."

"सरावानंतर ग."

"हं. टोपी घाल. तिकडे वारा असतो."

२८ ऑगस्ट, बुधवार

खोलीत शिरलो. मी हसून डोक्यावरून हात फिरवला. "काय, कसा दिसतो?"

कोणी हसलं नाही. काकांनी हातातला बूट खाली ठेवला, फळीवरच्या पेटीवर फडकं टाकलं. रेन्तेरिया माझ्याजवळ आले, टकलाकडे बघत उभे राहिले. वाटलं, मारतायत आता. "गाढवा," ते म्हणाले, आणि बाहेर गेले.

डोक्याचा आकार चांगला आहे माझ्या. काही लोकांना तेही बघवत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

गावात जत्रा सुरू आहे. दिवसभर ढोल-ताशांचा तांबोरासो वाजतोय, आणि सामना संपल्यावर जत्रेतल्या तिघांनी सही मागितली, त्यातल्या एकाने तर पावतीवर घेतली. नववा सामना, आजही सुरुवातीपासून. पाटी १७० वर.

सरावात रेन्तेरियांनी कोपर मारलं. "झुडूप गेलं तरी मान फिरत नाही तुझी, टकल्या!" मी फिरवून बघितली एकदा, नुसती त्यांना गप्प करायला. मागे माझ्या अंगावर येणारा माणूस दिसला आणि मी त्याला चुकवला. योगायोग असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाटीवर ४७. काकांना म्हटलं, "आता काय, दीड महिन्यात घरी!" ते हसले नाहीत. म्हणाले, "उद्या नीट खेळ पोरा. जेवढं मिळेल तेवढं."

५ ऑक्टोबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

पहिला अर्धा खेळलो, चांगला खेळलो. मध्यंतरात मास्तर सगळ्यांशी बोलले, माझ्याशी नाही. मी सगळ्यांबरोबर परत मैदानावर गेलो. तेव्हाच दिसलं, रेन्तेरिया जाकीट काढून रेषेवर उभे होते. दोन मिनिटं झाली. चेंडू बाहेर गेला. फलक वर गेला आणि त्यावर माझा नंबर.

मध्यंतरातच का नाही बसवलं? दोन मिनिटांसाठी कशाला पाठवलं? गर्दीतले काही हसले. रेषेवर रेन्तेरियांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी झटकला. बाकावर बसून विचार करत राहिलो, दोन मिनिटं, दोन मिनिटं, पंचेचाळीस आणि दोन.

सत्तेचाळीस.

मग सगळे आकडे उलटे पळायला लागले. एकसष्ट, सत्तावन्न. पेन्शन नव्हतीच. ती माझी मिनिटं होती. नियमाची. मी येताना सातशे होती आणि आज संपली. संघाला जे हवं होतं ते त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि झालं.

आणि टक्कल माझं मीच करून घेतलंय. आजपर्यंत एवढी लाज मला कशाची वाटली नव्हती.

७ ऑक्टोबर, सोमवार

पाटी पुसलेली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. काका बूट पुसत राहिले.

"सांगायला हवं होतं मी," ते म्हणाले. "मास्तरांनी पाटी ठेवायला लावली. पहिल्या दिवशी तू विचारलंस तेव्हा तुझं तोंड एवढं फुललेलं होतं. तोंडात आलं ते बोललो."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"म्हणून केस कापले नाहीत?"

काकांनी वर बघितलं. "ते माकारियोला विचार."

मी विचारणार नाही. मेलो तरी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बाकावर. सलग दुसरा सामना. जाकीट छान ऊबदार आहे. आईचा फोन आला. आज तिने "उठवलं कधी" विचारलं नाही. "जेवलास का" विचारलं. ते जास्त लागलं.

क्लबच्या कचेरीतून कळलं, की हंगाम संपल्यावर मला बहुतेक खालच्या लीगमधल्या कुठल्याशा संघाकडे पाठवतील. उसना. तिथे मैदानावर म्हणे मधोमध खड्डा आहे. मी मधल्या फळीतला, म्हणजे खड्डा माझाच.

२ नोव्हेंबर, शनिवार

सामना परगावी, मला नेलंच नाही. मृतांचा दिवस. मावशींनी नवऱ्याच्या फोटोपुढे झेंडू, पाव, आणि त्याची आवडती सिगरेट मांडली. दुपारी दोघं चॉकलेट पीत बसलो आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. न्हावी, खिळा, फोन, सगळं.

मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "न्हाव्याकडचे केस देवाला दिलेस? अरे मेल्या!"

"देव रागावला म्हणून हे झालं का?"

"देव कशाला रागावतोय, त्याच्याकडे अशा शंभर वेण्या रोज येतात. देवाचं सोड. आईला काय सांगणार आहेस?"

मी पावच चार खाल्ले. मावशींच्या नवऱ्याच्या वाटचाही त्यात गेला असावा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सराव संपला, सगळे गेले. रेन्तेरिया म्हणाले, "तू थांब." मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. स्वतः भिंतीवर चेंडू मारायचे, तो माझ्याकडे उसळून यायचा, आणि तेवढ्यात मागून ओरडायचे, "किती बोटं?" चेंडू पायात यायच्या आत मागे वळून त्यांची बोटं मोजून सांगायची. चुकलो की परत. तासभर. हा माणूस मी गेल्यावर कोणाला छळणार आहे?

उद्याही थांब म्हणाले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा दिवस बोटांचा. आज शंभरातली नव्वद बरोबर आली. शेवटी राहवलं नाही, विचारलं, "कॅप्टन, मी तर चाललोय खालच्या लीगला. हे कशाला?"

"तिथेही मागे माणसं असतात," ते म्हणाले, आणि गुडघ्याला बर्फ बांधत बसले. गुडघा केवढा सुजलेला असतो त्यांचा. आधी कधी बघितलाच नव्हता मी.

१० नोव्हेंबर, रविवार

काल रात्री लिहायला हात उचलत नव्हता. आता लिहितो, क्रमाने, काही न विसरता.

साखळी फेरीतला शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरीत, नाहीतर घरी. तिसाव्या मिनिटाला आमचा गोल, १-०. मग त्यांनी आम्हाला दाबायला सुरुवात केली, आणि रेन्तेरिया एकटे सगळीकडे धावत होते. मी जाकिटात.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ते थांबले. पडले नाहीत, कोणी मारलं नाही. नुसते कमरेवर हात ठेवून थांबले आणि मग बाकाकडे वळून हात वर केला. सोळा वर्षांत या माणसाने स्वतःहून बदली मागितलेली नाही, असं काका म्हणतात. मास्तरांनी बाकावरच्या बत्तीस वर्षांच्या मिडफिल्डरला खूण केली. रेन्तेरिया तिथूनच ओरडले, "तो नको! टकल्या!"

मास्तर म्हणाले, "त्याची मिनिटं झालीत."

"माझी झालीत," रेन्तेरिया म्हणाले. "त्याची सुरू करा."

रेषेवर त्यांनी कॅप्टनची पट्टी काढून गोलकीपरसाठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मान."

पहिलाच चेंडू आला आणि मी मान विसरलो. मागून माणूस आला, चेंडू घेऊन गेला, गोलकीपरने बोटांच्या टोकांनी वाचवलं. स्टेडियमभर शिट्ट्या. बाकावरून एकच आवाज आला, "किती बोटं?"

आणि मला हसू आलं. भर सामन्यात! त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चेंडू यायच्या आधी मी बघत होतो, बस. डावीकडे दोन, उजवीकडे मोकळं. मागे एक. मागे कोणी नाही, वळ. मी काही मोठं केलं नाही. गोल केला नाही, पत्रकारांना सांगण्यासारखं काही नाही. चेंडू घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा, परत मागायचा. शिट्ट्या कधी थांबल्या कळलं नाही. फलकाकडे मी एकदाही बघितलं नाही.

शेवटची शिट्टी झाली. १-०. मी मैदानावरच होतो. मला कोणी उठवलं नव्हतं.

खोलीत आलो तर मधोमध स्टूल. काकांच्या हातात पेटी. सगळे ताटावर चमचे बडवत होते. रेन्तेरियांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अडीच महिन्यांचे खुंट, जेमतेम बोटाच्या पेराएवढे.

"बघा या गाढवाने काय ठेवलंय आपल्यासाठी!" ते म्हणाले. मग मशीन सुरू करायच्या आधी खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "मी एकोणीसचा होतो तेव्हा सहा मिनिटं खेळवलं मला. त्याच दिवशी भादरलं. पुढे दोन वर्षं बाकावर. टकलाला सगळं गाव हसायचं. म्हणून मी कोणाला भादरू देत नाही, जोवर त्याला मास्तर उठवायचं विसरत नाहीत."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही जागेसाठी..."

"जागा माझीच आहे," ते म्हणाले. "गुडघा दुरुस्त करून घेतोय पुढच्या महिन्यात. आणखी एक वर्ष खेळणार. हवी असेल तर पळून घे माझ्याकडून." आणि मशीन सुरू केलं.

केस एवढेसे की काडेपेटीत मावले. काकांनी झाकणावर नाव कोरलं. उजव्या कोपऱ्यात, मी हेरलेल्या जागेवर. मी त्यांना जागा सांगितली नव्हती.

जाताना त्यांच्या दाराशी पाटी दिसली. तिच्यावर खडूने लिहिलं होतं ३२.

"हे काय काका? आणखी बत्तीस राहिली?"

"राहिली नाहीत. झाली," काका म्हणाले. "अठ्ठावन्न ते नव्वद. ही नियमात धरत नाहीत. ही तुझी."

मास्तर जाताजाता म्हणाले, "दोन जानेवारीला नव्या हंगामाचा सराव. उशीर करू नकोस." माणूस मितभाषी आहे. नजरेतला विश्वास वगैरे मी आता बघत नाही. तारीख लिहून ठेवली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आई आली. बसमध्ये चौदा तास, मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी सपाट घेऊन. स्टँडवर माझं डोकं दोन्ही हातांत धरून सगळीकडून बघितलं.

"हे त्यांनी कापलेत," ती म्हणाली. प्रश्न नव्हता.

मी खाली बघितलं. "पहिले..."

"पहिले न्हाव्याने कापले. माहीत आहे मला. संघ कापतो तेव्हा कधी सरळ कापत नाही, एका बाजूला जिना करतो. तुझं टक्कल टीव्हीवर अंड्यासारखं गुळगुळीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

प्लातेरोसला गेलो. खिळ्यावर माझे कुरळे अजून रिबिनीसकट लटकत होते. आईने ते काढायला लावले, तेही मलाच, आणि बाजूला उभी असलेली एक आजी बघत राहिली. एवढा मी आयुष्यात ओशाळलो नव्हतो. आईने केस पर्समध्ये टाकले. "उशीला होतील." मग म्हणाली, "काडेपेटी दे."

काडेपेटी खिळ्याला बांधून झाल्यावर तिने कापड सोडलं. आत पत्र्यावर रंगवलेलं चित्र होतं. मैदान, कोपऱ्यात ढगावर बाळदेव, आणि मधोमध मी, खांद्यापर्यंत कुरळे केस. खाली चिताऱ्याच्या अक्षरांत लिहिलं होतं: बाळदेवा, माझा मुलगा नेरेओ आज — मिनिटं खेळला आणि त्याला कोणी उठवलं नाही, त्याबद्दल तुझे आभार. मिठागरवाली एरमेलिंदा.

तारीख जुलैची होती, ती खोडलेली. आकड्याच्या जागी चिताऱ्याचा रंग नव्हता, आईच्या हातचं निळं बॉलपेन होतं. ३२.

"जुलैत रंगवून घेतलं," आई म्हणाली. "पहिल्या सामन्याला बरोबर घेऊनच बसले होते. एकसष्टाव्याला तुला उठवलं, मी परत गुंडाळलं. दर शनिवारी न्यायची आणि परत आणायची. रेमेदिओस म्हणायची, आकडा कशाला रिकामा ठेवलास, कितीही घाल. मी म्हटलं, नाही. देवाला नेमका सांगायचा."

आईने पदरासारखी शाल ओढून घेतली, चित्र सरळ लागलंय का बघितलं. ती आजी चित्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "भाऊ का तुझा? केस छान आहेत हो त्याचे."

"मीच आहे," मी म्हटलं.

आईने माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी घातली, कानांखाली नीट ओढली, आणि आजीला म्हणाली, "तोच आहे."